साहेबांच्या घरचं टर्मिनल

काकी आल्या त्या सरळ कॉम्प्युटर रूममध्येच. दारावरची पाटी वाचून चपला बाहेर काढल्या, एसीचा गारठा लागताच पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला आणि माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"सावंत तूच ना गो?"

मी उठले. आमच्या केंद्राचे प्रमुख सुर्वे साहेब, त्यांच्या पत्नीला मी यापूर्वी एकदा ऑफिसच्या सत्यनारायणाला पाहिलं होतं आणि एकदा हॉस्पिटलच्या व्हरांड्यात. साहेबांना बरं आहे ना, असं विचारलं.

"बरं आहे म्हणून तर आले," काकी म्हणाल्या. आणि मग सकाळची हकिकत सांगितली. त्या मागीलदारी मासे साफ करत होत्या. तेवढ्यात साहेबांनी शर्ट-पँट चढवली, पुढच्या दाराची कडी आवाज न करता काढली आणि मांडवीच्या रिक्षा स्टँडपर्यंत चालत गेले. हार्ट अटॅक येऊन जेमतेम महिना झालेला. डॉक्टरांनी ओटीच्या पुढे जायचं नाही म्हणून बजावलेलं. शेजारच्यांनी हात धरून परत आणलं. का निघाला होतात, तर म्हणे मशीनवर एक नजर टाकून लगेच येणार होतो.

"मी ह्यांची राखण किती करणार? त्यापेक्षा ते तुमचं यंत्र घरीच आणून दे बाय. पण नुसतं बघता येईल असं. त्याला हात लावता येता कामा नये. जमेल?"

पुढे आयुष्यभर मी अनेक क्लायंटसमोर बसले. त्यांना काय हवं ते समजून घेण्यात महिने घालवले. इतकी स्पष्ट रिक्वायरमेंट मला परत कोणी दिली नाही.

हे ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हाचं. मी रत्नागिरीत एका सरकारी खात्याच्या संगणक केंद्रात प्रोग्रॅमर होते. केंद्र म्हणजे एक मोठी खोली, एक एसी आणि लहान कपाटाएवढं एक मशीन. आज ज्याला सर्व्हर म्हणतात तेच ते, फक्त तेव्हा आम्ही त्याला मशीनच म्हणायचो. त्याला तारांनी जोडलेले सहा-सात टर्मिनल होते. टर्मिनल म्हणजे एक काचेचा पडदा आणि एक कीबोर्ड. त्याला स्वतःचं डोकं नसतं. डोकं सगळं त्या कपाटात.

काम होतं जिल्ह्याच्या रेशनचं. कुठल्या तालुक्याला किती तांदूळ, किती साखर, किती रॉकेल जायचं याचं वाटप मशीन काढायचं. तालुक्यांकडून आकडे यायचे. बहुतेक ठिकाणांहून ते कागदावर, एसटीच्या पार्सलने येत. खेडला मात्र आम्ही प्रयोग म्हणून एक कॉम्प्युटर आणि मॉडेम बसवला होता. मॉडेम म्हणजे कॉम्प्युटरचं बोलणं टेलिफोनच्या तारेतून नेणारी डबी. खेडच्या ऑफिसातले कदम फोन जोडायचे, डबी किंचाळायची आणि खेडचे आकडे सुरसुर करत आमच्या मशीनमध्ये येऊन पडायचे. पहिल्यांदा ते आले तेव्हा साहेबांनी सगळ्या ऑफिसला पेढे वाटले होते.

सुर्वे साहेब मूळचे दापोलीजवळच्या मुरुडचे. तरुणपणी नौदलात वायरलेसवर होते. तिथून निवृत्त होऊन या खात्यात आले आणि पन्नाशी ओलांडल्यावर कॉम्प्युटर शिकले. मॉडेमचा नुसता आवाज ऐकून ते लाइन चांगली आहे की नाही हे सांगायचे. त्यांना मशीनचा लळा होता. मुकादम, आमचे ऑपरेटर, म्हणायचे की साहेब मशीनला सकाळी सलाम करतात. मी तो कधी पाहिला नाही. पण रजेच्या दिवशीही ते येऊन टर्मिनलसमोर बसलेले मात्र पाहिले होते.

ते काय बघायचे हे सांगायला हवं. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला मशीन एक नंबर देतं. एक कमांड दिली की कुठला प्रोग्रॅम चालू आहे, किती वेळ चालला आहे, किती जागा खातो आहे याची यादी पडद्यावर येते. एखादा प्रोग्रॅम अडकून बसला, तर त्याचा नंबर देऊन त्याला थांबवायचं. त्या कमांडचं नाव 'किल'. हॉस्पिटलमधून फोनवर साहेब मला, "सावंत, त्याच्यात काही राम नाही, किल कर," असं सांगत होते तेव्हा सलाइन लावणारी नर्स क्षणभर थबकली होती म्हणे.

काकींची मागणी मी मुंबईच्या वरिष्ठांच्या कानावर घातली. ते आधी हसले. मग म्हणाले, टर्मिनल एखादं जास्तीचं पडून असेल तर दे, मात्र जबाबदारी तुझी. साहेबांच्या केबिनमधला फोन नाहीतरी रिकामाच होता. त्याला एक मॉडेम जोडला. दुसरा मॉडेम आणि टर्मिनल मी आणि मुकादम रिक्षात मांडीवर घेऊन मांडवीला गेलो. साहेब ओटीवर आरामखुर्चीत बसलेले. टर्मिनल पाहून त्यांचा चेहरा असा काही उजळला की काकी तोंड फिरवून आत निघून गेल्या.

घरात टेलिफोनचं सॉकेट एकच. फोनची पिन काढायची आणि तिथे मॉडेमची लावायची. म्हणजे साहेब मशीन बघत असले की त्यांना फोन करता यायचा नाही आणि आलेला फोनही वाजायचा नाही. एक तर बघा, नाहीतर बोला. काकींना ही सोय फार आवडली.

मी साहेबांसाठी वेगळं लॉगिन केलं होतं. त्यात ती यादी दिसायची, डिस्कवर किती जागा उरली ते दिसायचं, एवढंच. कुठलाही प्रोग्रॅम सुरू करता येत नव्हता, थांबवता येत नव्हता. मी ते त्यांना तिथेच स्पष्ट सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे किनाऱ्यावरून बोटी मोजायच्या," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "ठीक आहे. ही अट कोणाची ते मला माहीत आहे."

एक गोष्ट मात्र मी माझ्या मनाने ठेवली होती. एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर एका ओळीचा निरोप पाठवायची कमांड. लिहून एंटर दाबलं की समोरच्याच्या पडद्यावर ती ओळ उमटते. अगदीच मुकं करून कसं चालेल, असं वाटलं.

दोन दिवसांत त्यांचे निरोप यायला लागले. सगळे रोमन अक्षरांत, सगळे कॅपिटल, बोटीवरून तार यावी तसे. प्रिंटरचा कागद संपत आला असेल बघ. मुकादमांना सांग, बॅकअपची टेप बदला. मंडणगडचे आकडे आले का? मी उत्तर द्यायची. काकींनी ठरवून दिलेला वेळ संपला की निरोप यायचा, 'जातो', आणि लॉगिन बंद. रिक्षा स्टँडकडे ते पुन्हा गेले नाहीत.

मेअखेर आमच्याकडे वर्षातलं सगळ्यात मोठं काम असायचं. पावसाळ्यात डोंगरातले रस्ते बंद पडतात, खाडीपलीकडची गावं तुटतात. म्हणून तिथे आगाऊ साठा पोचवून ठेवावा लागतो. त्याचं वाटप काढणारा प्रोग्रॅम एकदा सुरू केला की आमच्या त्या मशीनवर जवळजवळ दिवसभर चालायचा. एकेक तालुका घ्यायचा, त्याच्या गावागावाचा हिशेब करायचा, मग पुढच्या तालुक्याकडे. मध्येच थांबला तर पुन्हा पहिल्यापासून. याद्या संध्याकाळी निघाल्या तर गोदामातून ट्रक दुसऱ्या दिवशी सुटायचे. दरवर्षी हे काम साहेब स्वतः करायचे. त्या वर्षी ते माझ्याकडे आलं.

सकाळी मी प्रोग्रॅम सुरू केला. खेडचे आकडे तेवढे यायचे राहिले होते, पण खेडचा नंबर क्रमात शेवटून दुसरा होता, म्हणून काळजी नव्हती. कदम दुपारी पाठवणार होते. दुपारी त्यांनी फोन जोडला, डबी किंचाळली, आकडे यायला लागले. मी डबा उघडला.

दोन घास खाल्ले असतील, पडद्यावर ओळ उमटली. खेडची लाइन बघ. डिस्क भरते आहे.

मी डबा बाजूला सारला आणि यादी काढली. साहेबांचं खरं होतं. खेडचे आकडे घेणारा जो प्रोग्रॅम होता तो थांबतच नव्हता. त्या दिवशी वारा सुटला होता आणि लाइनमध्ये खरखर होती. आलेला तुकडा नीट कळला नाही की आमचा प्रोग्रॅम खेडला सांगायचा, पुन्हा पाठव. खेड पुन्हा पाठवायचं. आमच्याकडचा तोही लिहून घ्यायचा आणि पुन्हा म्हणायचा, पाठव. आधीचा तुकडा टाकून द्यावा एवढी अक्कल त्यात घातलेली नव्हती. खेडची फाइल फुगत चालली होती. डिस्क पूर्ण भरली असती तर वाटपाचा प्रोग्रॅमही लिहायला जागा नाही म्हणून कोसळला असता.

साहेबांची दुसरी ओळ आली. सगळं थांबव. वाटप थांबव. उद्या नव्याने कर.

मी कीबोर्डवर हात ठेवून बसले. मुकादम माझ्या मागे येऊन उभे होते. त्यांनीही ती ओळ वाचली. साहेब असं का म्हणताहेत ते मला कळत होतं. अर्धवट आकड्यांवर निघालेलं वाटप एकदा त्यांच्या डोळ्यांदेखत चुकलं होतं आणि एका तालुक्यातल्या लोकांना गोदामाच्या दारातून परत जावं लागलं होतं. थांबवणं हाच सुरक्षित मार्ग होता. पण मग उद्याचे ट्रक चुकणार होते. आणि आभाळ तर भरून यायला लागलं होतं.

मी वाटप कुठपर्यंत आलं ते पाहिलं. खेडला अजून अवकाश होता. खेडचा प्रोग्रॅम तेवढा थांबवला, ती फुगलेली फाइल पुसली, तर डिस्क मोकळी होत होती. मग खेडचे आकडे फोनवर विचारून हाताने भरायचे. वाटप खेडपर्यंत पोचायच्या आत हे झालं पाहिजे. नाही झालं, तर खेडच्या जागी शून्य.

मी साहेबांना हे तीन ओळींत लिहिलं. शेवटी लिहिलं, वाटप चालू ठेवते आहे.

उत्तर आलं, खात्री आहे?

मी लिहिलं, आहे.

मग त्यांच्याकडून काहीच आलं नाही. थांबायला वेळ नव्हता. मी खेडच्या प्रोग्रॅमचा नंबर टाइप केला, दोनदा तपासला, कारण एक आकडा चुकला असता तर वाटपच मेलं असतं, आणि किल दिला. प्रोग्रॅम गेला. फाइल पुसली. डिस्क मोकळी झाली. मुकादमांनी तालुक्यांच्या लाइनवरचा मॉडेम काढून साधा फोन लावला आणि खेडचा कॉल मागितला.

कॉल लागेपर्यंत मी आणखी एक कमांड दिली. कोणकोण लॉगिन आहे ते दाखवणारी. प्रत्येकाच्या नावापुढे एक रकाना असतो, 'आयडल'. त्या माणसाने शेवटचं बटण दाबल्याला किती वेळ झाला, ते तो दाखवतो. साहेबांच्या नावापुढचा आकडा वाढत होता. मी निरोप पाठवला, डिस्क मोकळी झाली. उत्तर नाही. पुन्हा पाठवला, साहेब, बघताय ना? उत्तर नाही.

साहेब कधी 'जातो' म्हटल्याशिवाय जायचे नाहीत. लॉगिन चालू होतं, म्हणजे मॉडेम जोडलेला होता, म्हणजे फोन करून उपयोग नव्हता. आमच्या बाजूने लाइन तोडली तरी त्यांच्याकडे सॉकेटमध्ये मॉडेमचीच पिन. फोन वाजणारच नव्हता. मला एकदम आठवलं की आजच्या दिवसाचा ताण त्यांना होऊ नये म्हणून काकींनी मला बजावलं होतं, काही बिघडलं तर ह्यांना सांगू नकोस. आता सांगायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी ते माझ्या आधी पाहिलं होतं. आणि वर मी त्यांचं म्हणणं मोडलं होतं.

मी मुकादमांकडे वळले. त्यांनी रकाना पाहिलाच होता. खिशातून लुनाची किल्ली काढली होती.

"मॅडम, मी बघून येतो. तुम्ही उठू नका."

"काही असलं तर तिथूनच टर्मिनलवर लिहा," मी म्हटलं. "डॉक्टरांना आधी बोलवा. मग लिहा."

ते गेले आणि खेडचा कॉल लागला. कदमांचा आवाज विहिरीतून यावा तसा येत होता. मी ओरडून सांगितलं, गावाचं नाव आणि आकडा दोनदा म्हणा. त्यांनी वाचायला सुरुवात केली. कान आणि खांदा यांच्यात रिसीव्हर धरून मी टाइप करत होते. बारा की बावीस, साठ की सात, प्रत्येक ठिकाणी विचारावं लागत होतं. पण माणसाला एक बरं असतं. खरखरीतूनही त्याला शब्द लागतो, आणि एकदा ऐकलेलं तो पुन्हा लिहून घेत नाही. मधूनच मी डावीकडच्या टर्मिनलवर तो रकाना बघत होते. आकडा वाढतच होता. मांडवीपर्यंतचा रस्ता मी मनात चालत होते, मुकादम आता कुठे असतील, उतारावर असतील, जेट्टीच्या वळणावर असतील. एकदा कदम म्हणाले, "मॅडम, ऐकताय ना?" मी त्यांना आधीचं गाव पुन्हा वाचायला लावलं.

खेडचे आकडे अर्धे झाले असतील, तेवढ्यात आयडलचा रकाना शून्य झाला. कोणीतरी बटण दाबलं होतं. मी कदमांना थांबायला सांगितलं. मग पडद्यावर एकेक शब्द जुळवून लिहिलेली ओळ आली. मुकादम टाइप करताना एकच बोट वापरायचे.

साहेब झोपलेत. ठीक आहेत. येतो.

मी ती ओळ दोन-तीनदा वाचली. मग कदमांना म्हटलं, वाचा पुढचं गाव. माझा आवाज त्यांना वेगळा वाटला असावा. त्यांनी विचारलं, लाइन सुधारली का?

खेडचे आकडे भरून झाले तेव्हा वाटप त्याच्या आधीच्या तालुक्यात होतं. नंतर ते खेडमध्ये शिरलं, आकडे उचलले आणि पुढे गेलं. मुंबईच्या वरिष्ठांचा फोन आला. त्यांना याद्या कधी निघतील तेवढं हवं होतं. मी वेळ सांगितली. तिकडे सुर्वे नाहीत, मग सध्या निर्णय कोण घेतंय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी. ते बरं म्हणाले आणि फोन ठेवला. याद्या त्या संध्याकाळी निघाल्या आणि ट्रक दुसऱ्या दिवशी सुटले.

मुकादम परत आले ते घाईत नव्हते. ते आधी पाणी प्यायले, मग त्यांनी सांगितलं. ते धापा टाकत ओटीवर चढले, तेव्हा काकी दारातच बसून फणसाच्या आठळ्या सोलत होत्या. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आत साहेब कुशीवर झोपलेले, घोरत होते. टर्मिनल तसंच चालू. मुकादमांनी काकींना हळूच विचारलं, काही त्रास झाला होता का?

काकी म्हणाल्या, त्रास कसला? बराच वेळ त्या पडद्याला डोळे लावून बसले होते, मीच आता बंद करा म्हणून सांगायला गेले. तर आपणहून उठले. म्हणाले, सावंत बघते आहे, मी जरा पडतो. आजारी पडल्यापासून दुपारचे कधी झोपले नव्हते. म्हणून मी यंत्र बंद करायलाही गेले नाही. त्याच्या बटणाचा टक्क आवाज होतो.

मुकादमांनी एवढं सांगितलं आणि ते प्रिंटरकडे गेले. मी उरलेला डबा खाल्ला. भात गार झाला होता.

साहेब पाऊस चांगला स्थिरावल्यावर कामावर आले. टेबलावरची धूळ बोटाने पाहिली, खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "खेडचा तो प्रोग्रॅम दुरुस्त केलास का?" केला, म्हटलं. मग त्यांनी यादी काढली आणि बराच वेळ बघत बसले. दुपारी मी केबिनमध्ये गेले, तर घरचं टर्मिनल परत आणायला रिक्षा कधी पाठवतेस, असं विचारलं. म्हटलं, राहू द्या की साहेब, अडीअडचणीला होईल. ते म्हणाले, "नको. ते तिथे असलं की मी झोपतो, असं हिने सगळ्या मांडवीत सांगून ठेवलंय."

पुढे मी मुंबईला आणि मग पुण्याला बऱ्याच मोठ्या मशीनवर काम केलं. लांबच्या शहरातले सर्व्हर एका खोलीत बसून बघणं, चालवणं, बंद करणं हाच माझा धंदा झाला. पडद्यांवर हिरवे-लाल दिवे आले, आलेख आले. नवीन आलेल्या मुलामुलींना पहिल्या दिवशी मी 'आयडल'चा रकाना समजावून सांगायची. पलीकडच्या माणसाने इतका वेळ काही केलेलं नाही, एवढंच त्यातून कळतं. का केलेलं नाही, ते कळत नाही. त्यासाठी कोणालातरी लुनावर पाठवावं लागतं. आणि जाऊन आलेला माणूस दर वेळी वाईटच बातमी आणतो असं नाही.